वटवट्याच्या अंड्यांचा तपास

नोकरीत हाताळलेल्या गुन्ह्यांची आता डोक्यात सरमिसळ होते. कुठल्या दरोड्यातला कोण आरोपी, हे आठवायला मला बराच वेळ लागतो. पण निवृत्तीनंतर, परक्या देशात, हातात ना अधिकार ना काठी असताना केलेला एक तपास मात्र काल घडल्यासारखा डोळ्यांसमोर उभा राहतो. त्यातल्या कोणाचंही नाव मी देणार नाही. सगळी भली माणसं होती आणि त्यांतल्या बहुतेकांशी माझं अजून रोज बोलणं होतं.

वरिष्ठ निरीक्षक म्हणून निवृत्त झालो आणि सौ.ला घेऊन मुलीकडे सिडनीला गेलो. मुलगी आणि जावई दोघंही आयटीत, घर स्कोफिल्ड्सच्या नव्या वसाहतीत. नातवाचं बारसं करायचं आणि परतायचं असा बेत होता. तेवढ्यात महामारी आली, सीमा बंद झाल्या आणि आम्ही तिथेच अडकलो. नातू पाळण्यातून उतरून घरभर धावायला लागला तरी आम्ही आपले तिथेच. घरात बसून माझ्यातला पोलीस काही स्वस्थ बसेना. पार्सल घेऊन येणाऱ्या पोऱ्याला मी तू कुठला, कोणाकडे राहतोस, असं विचारायला लागलो, तेव्हा मुलीने हात टेकले. आमच्या मागच्या गल्लीच्या पलीकडे गवताळ माळ आणि निलगिरीच्या झाडांचा एक राखीव तुकडा होता. त्यावर लक्ष ठेवणाऱ्या हौशी लोकांच्या गटात तिने मला परस्पर भरती करून टाकलं.

काम मला पहिल्याच दिवशी आवडलं, कारण ते म्हणजे निव्वळ बीटवरची गस्त होती. ठरलेल्या वाटेने जायचं, कोणते पक्षी दिसले ते पाहायचं, आणि त्यांना कशापासून धोका आहे ते कळवायचं. कोणी पट्टा सोडून कुत्रं फिरवतंय का, कोणी कचरा टाकलाय का, कोल्ह्याने कुठे उकरलंय का, हे सगळं बघायचं. हद्द लहान, रहिवासी ओळखीचे, वरिष्ठांची कटकट नाही. अशी नेमणूक मला नोकरीत कधी मिळाली नव्हती.

या हद्दीतला सगळ्यांत महत्त्वाचा रहिवासी म्हणजे चिमणीएवढा, छातीवर ठिपके असलेला एक पक्षी. आपल्याकडच्या वटवट्यासारखा दिसतो, म्हणून मी त्याला वटवट्याच म्हणायचो. हा शहाणा झाडावर घरटं करत नाही. जमिनीवर, गवताच्या झुबक्यात गोल खोपा करतो आणि त्यात चॉकलेटी रंगाची अंडी घालतो. आजूबाजूच्या माळांवर घरं उठली आणि हा पक्षी तिथून गेला. आमच्या तुकड्यात मोजक्याच जोड्या उरल्या होत्या. गटाच्या प्रमुख एक निवृत्त शिक्षिका होत्या, तिथल्याच जन्मलेल्या. त्यांनी मला स्पष्ट सांगितलं होतं की आदल्या वसंतात एकही पिल्लू जगलं नाही, याही वर्षी तसंच झालं तर इथला वटवट्या संपला म्हणून समजा.

दुसऱ्या वर्षीचा सप्टेंबर होता. पुन्हा टाळेबंदी लागलेली, घराच्या आसपास व्यायामापुरतं बाहेर पडायची मुभा. एका सकाळी प्रमुखबाईंचा फोन आला. आवाज उतरलेला होता. माळावरची दोन घरटी रिकामी झाली होती, अंडी फुटली होती. त्यांचा संशय मोकाट कुत्र्यांवर होता. मी मास्क लावून निघालो.

घटनास्थळाची पाहणी हा तपासाचा पाया असतो. ती मी रीतसर केली. कवचाचे तुकडे तिथेच पडले होते. गवत तुडवलेलं नव्हतं, पंजाचा ठसा नव्हता, उकरल्याची खूण नव्हती. म्हणजे आरोपी वरून आला होता. मी मान वर केली तर कुंपणावर कावळे बसले होते, एकाशेजारी एक, हजेरीला उभे राहिल्यासारखे. इथला कावळा आपल्या कावळ्यापेक्षा थोराड, पांढऱ्या डोळ्यांचा, आणि ओरडतो तेव्हा एखादं हट्टी पोर भोकाड पसरतंय असं वाटतं. एरवी या भागात एखादुसरा दिसायचा. आज सगळी टोळी जमली होती आणि मुख्य म्हणजे ती टोळी अंड्यांकडे बघत नव्हती. सगळ्यांचे डोळे पायवाटेकडे लागले होते. बिनकामाचा बसलेला माणूस आणि कोणाची तरी वाट बघणारा माणूस यांतला फरक पोलिसाला लांबून कळतो. हे कावळे वाट बघत होते.

पायवाटेच्या तोंडाशी एक सपाट खडक आहे. त्यावर पांढरट काहीतरी चिकटलेलं, तिथे माझ्या आधी पोचलेल्या प्रमुखबाईंनी मला दाखवलं. कोणी विषारी आमिष ठेवतंय की काय या शंकेने त्या घाबरल्या होत्या, ते तपासणीला पाठवू या म्हणत होत्या. मी वाकून पाहिलं. भाताची शितं. थोडं दही. आणि त्यात काळे तीळ.

मुद्देमाल पाहून हसू येण्याची माझ्या आयुष्यातली ती पहिली वेळ. मनातल्या मनात पंचांग उघडलं. भाद्रपद, वद्य पक्ष. आपल्याकडे पितृपंधरवडा चालू आणि या उलट्या ऋतूंच्या देशात ऐन वसंत, म्हणजे पक्ष्यांच्या विणीचा हंगाम. कोणीतरी पितरांना जेवू घालत होतं. जेवणाच्या लोभाने कावळे जमत होते, आणि पान मांडलं जाईपर्यंतचा रिकामा वेळ घालवायला माळावर हिंडून अंडी फोडत होते. बाईंना मी एवढंच म्हणालो की विष नाही, बाकीचं उद्या सांगतो. त्यांनी मान डोलावली. पण त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी काही गेली नाही.

दुसऱ्या दिवशी मी सापळा लावला. काकबळी जेवणाआधी ठेवतात, त्यामुळे वेळेचा अंदाज होता. खडकासमोरच्या बाकावर नातवाची बाबागाडी घेऊन बसलो. बाबागाडीवाल्या आजोबांचा संशय जगात कोणाला येत नाही. थोड्या वेळाने कानटोपी आणि मास्क घातलेले एक गृहस्थ आले. हातात स्टीलचा डबा. मला ते चालताना दिसायचे. पुण्याहून आलेले, निवृत्त प्राध्यापक, पलीकडच्या गल्लीत मुलाकडे अडकलेले. त्यांनी खडकावर भात ठेवला, हात जोडले आणि चार पावलं मागे सरले. कावळा लगेच उतरला. सरांनी डोळे पुसले.

चौकशीत आरडाओरडा करणारे अधिकारी मी पुष्कळ पाहिले. माझं हत्यार वेगळं होतं. मी आधी हवापाण्याच्या गोष्टी काढतो आणि मग गप्प बसतो. समोरच्याला ती शांतता सोसत नाही. सर बाकाच्या दुसऱ्या टोकाला, नियमाचं अंतर राखून बसले. मी थंडीचं बोललो, मुलांच्या घरून चालणाऱ्या ऑफिसचं बोललो आणि मग गप्प झालो.

"धाकटा भाऊ," ते आपणहून म्हणाले. "एप्रिलच्या लाटेत गेला. मला जाता आलं नाही. तिथे कावळा मिळत नाही हो साहेब, आणि इथे पहिल्याच दिवशी शिवला. तिथी एकच असते, कळतं मला. पण मी रोज ठेवतो. म्हटलं, पंधरा दिवस तरी पोटभर जेव."

 तरी जबाब पुरा करणं भाग होतं. मी त्यांना रिकामी घरटी दाखवली, कुंपणावरची टोळी दाखवली आणि अंड्यांचं सांगितलं. सरांनी वाकून कवचाचा एक तुकडा उचलला. मग म्हणाले, उद्यापासून बंद. पण सर्वपित्री अमावास्या तोंडावर आली होती. त्या दिवशी भावाचं पान रिकामं कसं ठेवायचं, हे त्यांना सुचत नव्हतं. मलाही सुचत नव्हतं. निघता निघता मी सवयीने शेवटचा प्रश्न टाकला. ही जागा तुम्हाला कोणी दाखवली?

सर अडखळले. "तसं सगळेच येतात इथे. आपल्या आज्या, आजोबा. पण जागा म्हणजे... वहिनींनीच सांगितली. तुमच्या मिसेसनी. त्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खडकाचा फोटोही आहे."

एवढी वर्षं मी लोकांच्या घरात शिरून तपास केला आणि माझ्याच स्वयंपाकघरातून रोज दुपारी डबा बाहेर जातो हे मला दिसलं नव्हतं. सौ. त्याला वॉक म्हणायची. घरी गेल्यावर मी हा प्रकार मुलीला सांगितला, तर तिने मीटिंगचा माइक बंद केला आणि पोट धरून हसली.

"बाबा, सस्पेक्ट तुमच्यासोबतच राहतोय. आता अरेस्ट करणार का आईला?"

सौ. पोळ्या लाटत होती. मी कडक आवाजात विचारलं, की हे मला आधी का सांगितलं नाही. ती म्हणाली, तुम्ही विचारलं नाही. हा जबाब मला वकिलांनीही इतका चोख कधी दिला नव्हता. मग मी अंड्यांचं सांगितलं, तेव्हा तिचं लाटणं थांबलं. तिने त्याच खडकावर आपल्या आईवडिलांसाठी रोज घास ठेवला होता. पिल्लांच्या जिवावर उठायचं तिच्या स्वप्नातही आलं नसतं. माझ्याकडे न बघता ती परसात गेली, लॉनमधल्या लांब पात्यांची एक जुडी तोडून आणली आणि ओट्याशी उभी राहून वळायला लागली. बघता बघता चोच झाली, शेपटी झाली.

"अहो, कावळा शिवला नाही तर दर्भाचा कावळा करून शिववतात ना?" ती म्हणाली. "तिकडे दहाव्याला गुरुजी करतातच की. मग इथे का नाही चालणार?"

तपासाला लागलेलं हे वळण माझ्या हिशेबात नव्हतं. माझा मुख्य संशयितच आता तपास संपवत होता. त्याच संध्याकाळी तिने ग्रुपवर व्हिडिओ कॉल लावला आणि सगळ्या आज्यांना गवताचा कावळा वळायला शिकवला. काहींचा कावळा कोंबडीसारखा झाला, एका आजोबांचा तर मला मोरच वाटला. सरांनी मात्र पाती नुसती हातात धरून ठेवली होती. भावाला हे पोचेल का, एवढंच त्यांनी विचारलं.

सौ. म्हणाली, "सर, दुसऱ्याची अंडी फोडून जेवायला आवडलं असतं का त्यांना?"

"अंडी त्याला फार आवडायची," सर म्हणाले आणि त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदा हसले. "पण ही नाही."

प्रमुखबाईंना मी सगळं खरं सांगितलं. मृत भावाला जेवण पाठवायचं आणि ते कावळ्याने पोचवायचं, हे इंग्रजीत समजावताना माझा घाम निघाला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. आई गेल्यावर तिच्या खुर्चीशेजारी वडील कित्येक महिने चहाचा कप ठेवायचे, असं सांगितलं. मग म्हणाल्या, "नो वरीज, मेट. कोणाचं नाव नको. पण तो गवताचा कावळा मला शिकायचाय."

अमावास्येला घरोघरी दर्भाचे, म्हणजे खरं तर लॉनचे कावळे पानाला शिवले आणि मग ते अन्न घरच्यांनीच खाल्लं. खडक धुवून काढला. कुंपणावरची टोळी आणखी काही दिवस आली, संपावर गेल्यासारखी भोकाड पसरून ओरडली आणि मग पांगली. वटवट्याच्या एका जोडीने त्याच गवतात पुन्हा घरटं बांधलं. त्या घरट्याजवळ जायचं नाही असं गटात ठरलं. आमच्या आज्या तर त्या बाजूला पट्टा नसलेलं कुत्रं दिसलं की मालकाला मराठीतच झापायच्या.

त्या तपासाने मला काय शिकवलं, असं कोणी विचारलं तर सांगतो. माझी सारी नोकरी वाईट हेतू शोधण्यात गेली. लोभ, सूड, मत्सर, यांतलं काहीतरी सापडेल या खात्रीने मी दारं ठोठावली. इथे नुकसान खरं होतं, फुटलेली अंडी खरी होती, आणि ती जिच्यापायी फुटली ती मायाही तितकीच खरी होती. अशा वेळी बेड्या आणि दटावणी काही कामाची नाही. माणसाला जे करायचंय ते करायची दुसरी वाट दाखवावी लागते. ती मला सापडली नाही, सौ.ला सापडली. तिने अजून मला ते विसरू दिलेलं नाही.

नोव्हेंबरात सीमा उघडल्या आणि सरांना पुण्याचं तिकीट मिळालं. निघायच्या आधी ते गस्तीला माझ्याबरोबर आले. वाटेत पुढे चालणाऱ्या प्रमुखबाईंनी हात वर केला आणि आम्ही जागच्या जागी थांबलो. गवताबाहेर, उन्हात, शेपूट न फुटलेलं एक पिल्लू बसलं होतं, आ वासून. आई अळी घेऊन आली आणि तिने ती त्याच्या चोचीत घातली. बाईंनी माझा दंड घट्ट धरला, अंतराचा नियम त्या विसरल्या होत्या. पिल्लाने अळी गिळली आणि पुन्हा तोंड उघडलं.

सरांनी नकळत हात जोडले होते.

"जेवला," ते हळूच म्हणाले.