विहिरीवरचं शेवाळ

मोहितेकाका कुठल्याही किल्ल्यावर पोचले की आधी नजाऱ्याकडे पाठ करून उभे राहायचे. आम्ही बाकीचे धापा टाकत कड्याशी धावायचो, फोन बाहेर काढायचो, पोरं पुढे उभं राहण्यासाठी एकमेकांना ढकलायची, आणि हे गृहस्थ मागच्या झाडीत काहीतरी हुडकत असायचे. "नजारा कुठं पळून जात न्हाई," ते म्हणायचे. "आधी पाणी कुठंय ते बघा. पाणी न्हाई तर गड न्हाई, नुसती टेकडी." पालापाचोळ्यात बुजलेली विहीर किंवा झऱ्याची ओल सापडली की त्यांच्या कपाळावरची आठी जायची. मग ते आमच्या शेजारी येऊन समुद्र बघायचे.

जपानमध्ये असले किल्ले आहेत हेच आम्हाला ठाऊक नव्हतं. आम्हाला माहीत असलेले इथले किल्ले म्हणजे पांढरेशुभ्र, तिकीट काढून बघायचे, आत लिफ्ट असलेले. काकांना त्यांचं भारी वावडं. "ते किल्ले न्हाईत, लग्नाचे हॉल आहेत." त्यांचे किल्ले टोकियोशेजारच्या चिबा प्रांताच्या दक्षिणेला, डोंगरातल्या गर्द जंगलात. बुरूज नाही, दरवाजा नाही. मातीचे बांध, बुजलेले खंदक, चार दगडी पायऱ्या, आणि माथ्यावर एक मोकळी जागा, जिथून खाली भातखाचरं दिसतात आणि हवा स्वच्छ असेल तर उपसागरापलीकडे फुजी. आम्ही टोकियोच्या कडेच्या इचिकावा आणि एदोगावा भागांतली पाच-सात मराठी कुटुंबं त्यांच्यामागून रविवारी हिंडायला लागलो, ती मुळात पोरांचा स्क्रीन सुटावा म्हणून.

काका साताऱ्याचे. माझा नवरा प्रसाद आणि ते एकाच ऑफिसात, आणि राहायलाही आमच्याच इमारतीत. मुलगी दहावीला येणार म्हणून काकू तिला घेऊन साताऱ्याला परत गेल्या. काका नोकरीसाठी मागे राहिले आणि राहूनच गेले. जीभ तिखट होती. प्रसाद चढावर थांबला की म्हणायचे, "बस बाबा, तुझ्या धापेनं रानातली डुकरं पळाली." आमच्या घरी जेवायला आले की आमटीला नाव ठेवायचे आणि दोनदा वाढून घ्यायचे. ते काहीही बोलले तरी लोक हसायचे, आणि त्यांनाही ते चालायचं.

त्या डोंगरातल्या एका किल्ल्यावर त्यांचा विशेष जीव. पायथ्याच्या गावातली आठ-दहा म्हातारी माणसं तो किल्ला सांभाळायची, आणि ओगावासान हे त्यांचे प्रमुख. ऐंशीच्या आसपासचे, किरकोळ बांध्याचे, बोलणं जेमतेम. काका पहिल्यांदा तिथे गवत कापायला म्हणून गेले तेव्हा त्यांना चहा देऊन गोडीत परत पाठवलं गेलं. ते पुन्हा गेले. मग पोती उचलायला मिळाली. पुढच्या वर्षी विळा. असं करत पाच-सहा वर्षांनी ओगावासाननी त्यांना माथ्यावरच्या विहिरीपाशी गुडघ्यांवर बसवलं आणि शेवाळातलं तण कसं काढायचं ते शिकवलं.

ते शेवाळ म्हणजे त्या म्हाताऱ्यांचा प्राण होता. विहिरीचं दगडी कडं आणि शेजारच्या तीन बुटक्या देवमूर्ती त्यानं पूर्ण झाकल्या होत्या. ओगावासानच्या वडिलांपासून कुणी ना कुणी ते जपत आलं होतं. उन्हाळ्यात खालून पाणी नेऊन शिंपडायचे, गवताचं पातं उगवलं तर चिमटीत धरून उपटायचे. ते काम बाहेरच्या माणसाला कधी दिलं नव्हतं. त्या संध्याकाळी काका थेट आमच्या दारात. "मेघना, च्या टाक. आज मला आत घेतलं." मुलीचं लग्न ठरल्यासारखा त्यांचा चेहरा झाला होता. या देशात अठरा-वीस वर्षं काढलेल्या माणसाला इथे कुणीतरी आपलं म्हणावं यासाठी किती वाट बघावी लागते, हे मला त्या दिवशी समजलं.

आता केदारबद्दल सांगायला हवं. केदार पुण्याचा, उत्साही, नुकताच आलेला. तो वाईट मुलगा नाही, हेच तर दुखणं आहे. माझा मुलगा तापानं फणफणला होता तेव्हा सायकलवर औषधं घेऊन धावला तो केदारच. काका चालता चालता तरुणपणच्या गोष्टी सांगायचे: सुट्टीत पोरं जमवून गडावरची टाकी कशी उपसली, पायऱ्यांवरचं शेवाळ कसं खरवडलं, दगड कसा उजळून निघाला. केदार ते कान देऊन ऐकायचा. त्यातून त्याच्या डोक्यात शिरलं की काकांच्या लाडक्या किल्ल्यावर आपण गडसंवर्धन करायचं, आणि काकांना चकित करायचं.

त्या रविवारी काका आणि मी खाली ओगावासानच्या घरी थांबलो होतो. त्यांच्या पत्नीनं सगळ्यांसाठी भाताचे मुटके केले होते, ते वर न्यायचे होते. बाकीचे पुढे गेले. आम्ही तिघं रमतगमत चढलो. ओगावासान मधेच थांबून काकांना कुठलंसं झाड दाखवत होते आणि काका प्रत्येक वेळी जपानीत "हाय, हाय", म्हणजे हो, हो, करत होते.

वर पोचलो तर विहीर पांढरी होती.

केदार आणि मंडळींनी तारेचे ब्रश आणले होते. कडं घासून लख्ख केलं होतं, मूर्तींची तोंडं घासली होती, नाकंसुद्धा. पोरांनी बाटल्यांतून पाणी ओतून सगळं धुतलं होतं. शेवाळ जळाऊ कचऱ्याच्या पिशव्यांत भरून गाठी मारून ओळीनं ठेवलं होतं. "सरप्राईज, काका!" केदार घामाघूम होऊन हसत होता. "आणि कचरा इथे टाकायचा नाही, घरी न्यायचा. नियम पाळलाय आपण!"

ओगावासाननी डोक्यावरची टोपी काढली. एका पिशवीपाशी वाकले, वरून हात फिरवला. मग सरळ झाले आणि सगळ्यांकडे बघून, "दमलात हो, फार कष्ट घेतलेत," असं जपानीत म्हणून त्यांनी कमरेतून वाकून नमस्कार केला. आणि मुटके वाटायला लागले.

काका पुढे झाले. ते ओगावासानसमोर ओल्या मातीत गुडघ्यांवर बसले आणि कपाळ जमिनीला टेकवलं. त्यांची पाठ थरथरत होती. आमच्या मंडळींना वाटलं, काका गहिवरून गडाला साष्टांग घालताहेत. दोघातिघांनी हात जोडले. कुणीतरी जयजयकार केला, आणि पोरांनी त्याला साथ दिली. मी ओरडले, "अरे गप्प बसा!" माझ्या मुलानं घाबरून जपानीत विचारलं, "आई, काय झालं?" मी त्याच्या हातातली पाण्याची बाटली काढून घेतली.

नंतर काकांनी केदारला बाजूला घेऊन सांगितलं. केदारचा चेहरा पडला, पण फार वेळ नाही. "पण ते तर काही रागावले नाहीत, काका. उलट थँक्स म्हणाले." "ते रागावले असते तर बरं झालं असतं," काका एवढंच म्हणाले.

शरद ऋतूत गवत कापायचे दिवस आले तेव्हा गावातून फोन आला. काका स्पीकर लावून आमच्याच स्वयंपाकघरात बसले होते. पलीकडचा आवाज अतिशय मऊ: मोहितेसान, आपण कामात असता, येणंजाणं लांबचं, यंदापासून आपण त्रास घेऊ नये. काकांनी फोनसमोर वाकून आभार मानले. प्रसाद म्हणाला, "बघा, किती काळजी आहे त्यांना तुमची." मला नवऱ्याच्या तोंडावर पोळपाट फेकावासा वाटला.

त्याच सुमाराला इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत केदारच्या चमूचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. परदेशात गडसंवर्धन! पडद्यावर आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो दाखवले. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. काका शेवटच्या रांगेत होते, त्यांना मार्गदर्शक म्हणून स्टेजवर बोलावलं तेव्हा ते बाहेर चपला शोधत होते.

मार्चमध्ये ते एकटेच त्या डोंगराकडे गेले. वर चढले नाहीत. पायथ्याला भाजीच्या टपरीवर बाईनं सहज सांगितलं, ओगावासान हिवाळ्यातच गेले. अंत्यविधी झाला, पुढचे विधीही झाले. सगळ्या म्हाताऱ्यांकडे काकांचा नंबर होता. "एकानं सुद्धा कळवलं न्हाई गं," मला म्हणाले. "मी खांदा द्यायला मागत नव्हतो. मागं उभा राहिलो असतो." मी पहिल्यांदा त्यांना रडताना पाहिलं. मला त्या म्हाताऱ्यांचाही राग आला, आजही येतो; इतकी वर्षं गुडघे झिजवले त्या माणसानं, आणि त्यांनी दार लावलं ते आवाजही न करता.

काकांनी राजीनामा दिला. साताऱ्याला जातो म्हणाले. निरोपाला केदारच्याच घरी जेवण ठेवलं होतं, कारण त्याचा हॉल मोठा. पुरणपोळ्या होत्या. जेवणाआधी केदारनं रंगीत कागदात बांधलेली भेट दिली. आत चौकट होती: घासून पांढरी झालेली विहीर, मागे समुद्र, पुढे आम्ही सगळे हसतोय. केदारचे डोळे खरोखर भरून आले होते. "काका, तुमच्यामुळे आम्हाला हा देश कळला. दोन शब्द बोला."

काकांनी चौकट दोन्ही हातांनी धरली. तिच्याकडे बघितलं. मग केदारच्या डोळ्यांत बघून, आवाज जराही न चढवता म्हणाले, "केदार, मला या देशात एकच घर होतं. ते तू मोडलंस."

सगळे खो खो हसले. "काका म्हणजे काका!" कुणीतरी म्हणालं. केदारनं त्यांना मिठी मारली आणि आतल्या खोलीकडे बघून पानं वाढायला सांगितलं.