फिक्या नकाशातली रिकामी जागा

२०२३ साल. मी अठ्ठ्याहत्तर वर्षांचा. शाळा दुसरीपर्यंतची, पण आमच्या घराण्यानं तलाव बांधले. म्हणून गावात पाण्याचं काही अडलं की मलाच विचारत. सून इंटरनेटवर गावच्या बोड्यांचा, म्हणजे लहान तलावांचा, नकाशा बनवून राहिली होती. दुसऱ्या दिवशी ग्रामसभेत तो भिंतीवर दाखवायचा होता. शेवटची बोडी काऊन भरत नाही, ते पाहायचं होतं. मी सांगितल्या तशा तिनं सहा बोड्या टाकल्या.

मागं आकाशातून काढलेला फोटो होता. धान, झाडं, छपरं, सडका.

"मामाजी, यात सगळंच ओरडून राहिलं. बोड्या कोणाले दिसतीन?"

"मले दिसते."

"तुमाले तर चष्म्याबिगर बी दिसते!" ती हसली अन् तिनं मागचा फोटो काढून टाकला.

घरं गेली. सडक गेली. राखेसारख्या पडद्यावर फक्त निळ्या बोड्या उरल्या, एकीचं पाणी दुसरीत, अशा उतारानं. अन् पाचवी-सहावीच्या मधात जागा रिकामी. तिथं काहीच नव्हतं, तरी नजर तिथंच जाऊन राहिली.

"इथं काही होतं का जी?"

"नाही. फोटो परत लाव."

"काऊन?"

"लाव म्हणलं ना!"

तिनं लावला. जागा झाकली. पण मला आता त्या हिरव्यातही तीच दिसे.

तिथं आमची बांधी आहे, म्हणजे धानाचं शेत. मी चौदा वर्षांचा असताना बाबानं धानासाठी तिथली बोडी फोडून बुजवली; पाचवीचं पाणी सहावीत जायचं थांबलं. पाळेवर, म्हणजे बोडीच्या बांधावर, पहिलं फावडं माझं. ज्यांनी पाहिलं ते सारे गेले. मी कधी बोललो नाही.

संध्याकाळी बांधीवर गेलो. उन्हाळा. सगळं कोरडं, फक्त मधात चंद्रकोरीसारखा एक हिरवा पट्टा. त्याच्या काठानं बगळे उभे, तोंडं आत, पाण्याकडं पाहावं तशी. पाणी नव्हतं. मी ओरडलो, ढेकूळ फेकलं. एकही उडाला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, सभेच्या आधी, मी सुनेला बांधीवर नेलं. म्हटलं, "मी चालतो तशी मोबाइलमधल्या नकाशावर रेघ ओढ." तिला हात धरू दिला नाही. जमीन सपाट होती. पण जिथं पाळ लागायची तिथं माझे पाय चढाव चढल्यासारखे आपोआप उचलले गेले. दुसऱ्या टोकाला पोचून मी थांबलो.

"ही सातवी," मी म्हणालो. "आमच्या घरानं बुजवली, हेही लिही. अन् मागचा फोटो काढून टाक."