तीन बंधांचं प्लॅटिनम

एमएस्सीच्या दुसऱ्या वर्षी सेमिनारसाठी मला प्लॅटिनमची संयुगं आली. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. सेमिनार बरा झाला तर सर मला त्यांच्या संशोधनाच्या प्रोजेक्टला घेणार होते. नाही झाला, तर जयगडच्या बंदरावर बाबांच्या ओळखीने कचेरीतली नोकरी होती. बाबांनी तिथे अजून होकार दिला नव्हता, माझ्यासाठी थांबले होते.

मी सगळं इंग्रजीत पाठ केलं होतं. तिसऱ्या स्लाइडवर पाठांतर आटलं. सर म्हणाले, "मराठीत सांग."

मी सांगू लागले. प्लॅटिनमला सहसा चार शेजारी, म्हणजे अणू किंवा अणूंचे गट, जोडलेले असतात. अभिक्रियेत कधी त्यांतला एक सुटतो. क्षणभर तीनच राहतात, एक जागा उघडी पडते आणि तेवढ्यात बाकीच्यांची जोडणी बदलते. या तीनवाल्या रूपाला पुस्तकात इंटरमिजिएट म्हटलं होतं. मला जो मराठी शब्द सुचला तो बोलले, "हा मध्यस्थ."

मागच्या बाकावरून आवाज आला, "लग्न कोणाचं गो?"

वर्ग हसला. आमच्या गावांत मध्यस्थ म्हणजे स्थळं जुळवणारा.

सर हसले नाहीत, मलाच म्हणाले, "लग्न लागल्यावर मध्यस्थ काय करतो?"

"जेवतो आणि घरी जातो, सर."

"जसा आला तसाच?"

"हो."

"आणि हा तीनवाला?"

मी स्लाइडवरच्या तीन बंधांकडे बोट केलं. "हा उरतच नाही, सर. त्याचंच पुढचं संयुग होतं. मध्यस्थ म्हणणं चुकलं."

"उरत नाही, तर होता कशावरून?"

"सुटणारा शेजारी आपण बाहेरून जास्त घातला, तर अभिक्रिया मंदावते. तो उघडी जागा पुन्हा अडवतो. म्हणजे ती जागा उघडी पडत असणार." मग राहवलं नाही. "पण दर वेळी असंच होतं का, ते मला ठाऊक नाही."

सर म्हणाले, "ते प्रोजेक्टमध्ये बघू."

बाहेर व्हरांड्यात येऊन मी घरी फोन लावला. सगळं सांगितलं. बाबा म्हणाले, "मगे जयगडला काय सांगू?"

"नको म्हणून सांगा."

"नक्की ना गो?"

मी हो म्हटलं. त्यांना नीट ऐकू यावं म्हणून पुन्हा म्हटलं.