शेवटचा फर्मा

माझा थोरला भाऊ, म्हणजे दादा, लायब्ररीच्या फाटक्या कादंबऱ्या बांधून देतो. बांधण्याआधी वाचूनही काढतो. प्रेयसीच्या सुखासाठी नायक स्वतः बाजूला होतो, अशा कादंबरीवर त्याचा फार जीव. "शेवटची पानंच आधी निखळतात बघ. लोक रडतरडत उलटतात ना," असं तो म्हणतो. माझ्या मते ती आधीच्या बाइंडरच्या पातळ खळीमुळे निखळतात, पण धाकट्या बहिणीला विचारतो कोण.

लायब्ररीत 'शांतता राखा' या पाटीखाली ज्या बाई बसतात, त्यांना सगळे शांतताबाई म्हणतात. दादा तिथे भांग पाडून जायचा, पुस्तकांचा गठ्ठा ठेवायचा, कान लाल करून परत यायचा. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ते किती? पाच वर्षं.

मग एक दिवस त्याचा मित्र, शेजारचा घड्याळजी, दुकानात आला. "शांतताबाईंना मागणी घालावी म्हणतो. तुझं काय मत?"

"उत्तम. चिठ्ठी लिही, मी पोचवतो," दादा म्हणाला.

झालं, आमच्या घरात कादंबरी सुरू झाली. दादानं चिठ्ठी दिली, उत्तराला थांबला नाही आणि लायब्ररीची पायरी चढायची सोडली. गठ्ठे मी पोचवू लागले. घड्याळजीही फिरकेना. "सुखात असेल," असं म्हणून दादा उसासे टाकत पुठ्ठे कापायचा, तेही वाकडे. मला राग यायचा आणि रडूही. आई गेल्यावर माझ्या वेण्या घालायला शिकलेला माणूस हा. चांगलं ते दुसऱ्याच्या पानात वाढायची त्याला सवयच लागली होती.

महिन्याभरानं शांतताबाई स्वतः दुकानात आल्या. हातात दादानं नुकतीच बांधलेली, त्याची सगळ्यात लाडकी कादंबरी.

"पान दोनशे आठवर नायक बोटीत बसून कायमचा निघून जातो," त्या म्हणाल्या, "आणि दोनशे नऊवर बायकोशी मिठावरून भांडतो."

दादा पांढराफटक पडला. "शेवटचा फर्मा, म्हणजे ती सोळा पानं, दुसऱ्याच कादंबरीची लागली. आत्ता उसवतो."

"उसवू नका. मला हाच शेवट आवडला." त्या स्टुलावर बसल्या. "बोटीत बसण्यापूर्वी त्यानं तिला एकदा विचारायला नको होतं का, तुला कोण हवंय म्हणून?"

"पण घड्याळजी..."

"त्यांना त्याच दिवशी नाही म्हणून कळवलं. चिठ्ठी आणणारा जरा थांबला असता, तर कोणासाठी नाही म्हटलं तेही त्याला कळलं असतं."

दादानं हातातला पुठ्ठा खाली ठेवला. "चहा घेणार?" पाच वर्षांतलं प्रेमाचं पहिलं वाक्य म्हणून ते चालून गेलं.

आता लग्नाला दोन वर्षं झाली. दोघं मिठावरून भांडतात. दादा सगळ्यांना सांगतो, "उदासपणात फर्मे जुळवताना माझ्या हातून एकच चूक झाली आणि तीच फळली." फर्मे तो जुळवतो हे खरं, पण शिवते मी, आणि शिवण्याआधी पान न् पान तपासते, हे त्याला अजून सुचलेलं नाही.

ती दुसरी, बिनशेवटाची कादंबरी माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली आहे. परवा वहिनी कपडे काढायला गेली आणि तिला ती दिसली. दुसऱ्या दिवशी लायब्ररीच्या रजिस्टरात तिनं त्या कादंबरीपुढे 'हरवली' असं लिहिलं, आणि घरी येऊन शांतता राखली.