घंटीनंतरचे आवाज

माझा मुलगा हल्ली बूट घालून झोपतो. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं, दमून आला असेल, काढायचे राहिले असतील. मी नाड्या सोडवायला वाकले, तर त्याने पाय आखडून घेतले आणि डोळे न उघडता म्हणाला, "असू दे, आई." तेव्हापासून असू दिलं आहे. पण तिशी ओलांडलेला माणूस बूट घालून का झोपतो, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. त्याला उठून कुठे जायचं आहे, की कुणी न्यायला येईल अशी वाट बघतोय? विचारलं की म्हणतो, पाय गार पडतात.

त्याला सगळा भाग भोंग्या म्हणतो. तान्हा असताना असा काही भोंगा पसरायचा की खालच्या मजल्यावरची माणसं जिना चढून चौकशीला यायची. मोठा झाला तो मात्र इतका हळू बोलणारा की दुकानात गिऱ्हाईक त्याला प्रत्येक गोष्ट दोनदा विचारतं. धंदा काढला तोही आवाजाचाच. लाउडस्पीकर, माईक, वायरींची भेंडोळी, सभा आणि शाळांचे कार्यक्रम. ह्यांना तो धंदा कधी पटला नाही. "दुसऱ्यांचा आवाज वाढवून देतो आणि स्वतःचा घरी विसरून जातो," असं हे येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे. भोंग्या नुसता हसायचा आणि सोल्डरिंगचा धुरकट वास येणारी बोटं टॉवेलला पुसायचा. टॉवेल माझा असायचा.

लोक रस्त्यावर उतरले त्या दिवसांत चौकात जे लाउडस्पीकर लागले होते, ते आमचेच. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. स्वतःच टेम्पो भरला आणि निघाला. मी दार अडवून उभी राहिले, रडले, नाही नाही ते बोलले. त्याने माझा खांदा धरून मला हलकेच बाजूला केलं, जसं एखादं टेबल सरकवावं. चौकात त्याचा एकच नियम होता. मागेल त्याला माईक द्यायचा आणि माणूस बोलतोय तोवर काढून घ्यायचा नाही. एक पेन्शनर तिथे आपल्या अडकलेल्या कागदांची कथा सांगत बसले तेव्हा लोक जांभया द्यायला लागले, कुणी तरी "आजोबा, आवरा" म्हणालं. भोंग्याने आवाज कमी केला नाही. आजोबा दमले तेव्हाच थांबले.

सरकार पडलं. काही दिवस आम्ही सगळेच जरा ताठ मानेने चालत होतो. मग आयोग आले. पोलिसांच्या सुधारणेसाठी एक, न्यायालयांसाठी एक, निवडणुकांसाठी एक, सरकारी भरतीसाठी एक. जुन्या कचेऱ्यांच्या दारांवर नव्या पाट्या लागल्या. हे म्हणाले, "आपणही एक नेमू या, भांडी कुणी घासायची यावर. अहवाल येईपर्यंत तूच घास." तेव्हा अशा गोष्टींवर हसायला येत होतं.

पोलीस सुधारणा आयोगाने आमच्या भागात जाहीर सुनावण्या ठेवल्या आणि माईकचं काम भोंग्याकडे आलं. चौकात ज्याने लोकांना आवाज दिला त्यालाच बोलवा, असं आयोगाच्या सचिवांनी म्हणे स्वतः सांगितलं होतं. तो इतका खूश झाला की त्याने केस कापून घेतले. सुनावण्या बॅडमिंटनच्या हॉलमध्ये होत्या. तिथे प्रत्येक शब्द भिंतींवर आपटून परत यायचा, म्हणून त्याने भिंतींना ब्लँकेटं टांगली. त्यातली निम्मी आमच्या घरातली होती. आम्ही चादरींवर झोपलो आणि हे कुरकुरत राहिले की सुधारणा होईल तेव्हा होईल, निमोनिया आधी होईल.

मी एक दिवस जाऊन मागे बसले होते. अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश होते, सज्जन दिसत होते. प्रत्येकाला बोलायला पाच मिनिटं. वेळ संपली की टेबलावरची घंटी वाजायची आणि भोंग्याने त्या माणसाचा माईक बंद करायचा. ज्याने चौकात कुणाला कधी थांबवलं नव्हतं, त्याच्या बोटांना हे काम आलं. तो आवाज एकदम तोडायचा नाही. हळूहळू उतरवत न्यायचा, म्हणजे बोलणाऱ्याचा अपमान होत नाही. कित्येकांना कळायचंच नाही. ते हात हलवत बोलत राहायचे आणि हॉलला ऐकू यायचे ते फक्त पंखे.

घरी आल्यावर तो जेवायचा नाही. मग एके दिवशी म्हणाला, त्याने तोडगा काढला आहे. घंटीनंतर तो फक्त हॉलचे स्पीकर बंद करायचा. रेकॉर्डिंगची लाइन चालू ठेवायचा. हॉलला नाही तर नाही, पण आयोगाला तरी सगळं ऐकता येईल. मलाही ते आवडलं. मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला होता.

सुनावण्या संपल्यावर तो दुकानात कानाला हेडफोन लावून बसला. घंटीनंतरचं प्रत्येकाचं बोलणं त्याने वेगळं काढलं. पंख्यांची घरघर काढली, खोकले काढले, बुजलेले शब्द उजळ केले. मोठ्या माणसांना शोधत बसावं लागू नये म्हणून प्रत्येक तुकड्याला बोलणाऱ्याचं नाव दिलं. त्याच्या हातून इतकं सुबक काम आजवर झालं नव्हतं. ते सगळं त्याने सचिवांच्या हातात दिलं. सचिवांनी त्याला चहा पाजला. ते काही वाईट माणूस नव्हते, हे मुद्दाम लिहिते.

अहवाल आला, जाड होता. मंत्र्यांनी तो दोन्ही हातांनी स्वीकारल्याचा फोटो छापून आला. आयोगाची मुदत संपली, कार्यालय बंद झालं आणि नियमाप्रमाणे तिथलं सगळं सामान गृहखात्याच्या ताब्यात गेलं. खुर्च्या, कपाटं, पंखे आणि भोंग्याने उजळ केलेले आवाज. गृहखातं म्हणजे पोलिसांचं खातं. ज्यांच्याविरुद्ध लोक बोलले, त्यांच्याच कपाटात ते बोलणं जाऊन पडलं.

त्या बोलणाऱ्यांत पडदे शिवणारी एक बाई होती. तिचा भाऊ आंदोलनात जखमी झाला, इस्पितळात होता आणि तिथून पोलीस त्याला घेऊन गेले. पुढे काय झालं ते कुणी सांगत नाही. पाच मिनिटांत ती एवढंच सांगू शकली. घंटी वाजली, हॉल शांत झाला, आणि आपला आवाज आता मागच्या खुर्च्यांपर्यंत जात नाही हे तिच्या लक्षात आलं. तेव्हा ती टेबलाकडे झुकून म्हणाली, "भावाला ज्या गाडीतून नेलं तिचा ड्रायव्हर आमच्या ओळखीतला आहे, त्यानेच मला सांगितलं, त्याला बोलवा." तिने नाव घेतलं. हॉलला ऐकू जात नव्हतं, म्हणूनच घेतलं. अध्यक्ष तोवर पुढच्या माणसाचे कागद उलटत होते.

बाहेर पडताना तिने भोंग्याला विचारलं होतं, "दादा, शेवटचं हॉलमध्ये ऐकू नाही ना गेलं?" तो म्हणाला, "नाही." ते खरंच होतं. पुढचं सांगायचं त्याला सुचलं नाही.

मागच्या महिन्यात त्या ड्रायव्हरला चौकशीला बोलावलं. तो अजून घरी आलेला नाही.

हे कानावर आलं त्या दिवशी भोंग्या माझ्याजवळ स्वयंपाकघरात येऊन जमिनीवर बसला, लहानपणी बसायचा तसा, ओट्याला पाठ टेकून, आणि सगळं सांगितलं. दुसऱ्या दिवशी तो गृहखात्याच्या कचेरीत गेला, ते तुकडे परत मागायला. खिडकीतल्या कारकुनाने सांगितलं, आयोगाकडे अर्ज करा. आयोग संपला, असं हा म्हणाला. तर कारकून म्हणाला, मग अर्ज कुणाकडे करायचा ते आयोगाने संपण्याआधी सांगायला हवं होतं. चेष्टा करत नव्हता म्हणे, त्यालाही खरंच माहीत नव्हतं. सचिवांची दुसरीकडे बदली झाली आहे. अध्यक्षांच्या घरचा फोन त्यांची सून उचलते आणि बाबांची तब्येत बरी नाही म्हणते. आणि परत मिळून तरी काय होणार होतं? ऐकलेलं कुणी परत देतं का?

आज संध्याकाळी ती बाई आमच्या घरी आली. हॉलमध्ये टांगलेल्या आमच्या ब्लँकेटांच्या कडा उसवल्या होत्या. त्या शिवून देते म्हणून ब्लँकेटं मागे स्वतःच घेऊन गेली होती, ती घेऊन आली. टीप अशी सरळ की बघत राहावं. पैसे घेईना. चहा घेतला. मग सांगायला लागली की ड्रायव्हरचं नाव भावजयीने फोडलं असणार. हॉलमध्ये कुणाला ऐकू गेलं नव्हतं, आणि बाहेर दुसऱ्या कुणाला माहीतच नव्हतं. भावजयीला तिने घरातून जायला सांगितलं आहे. ती पोरगी लेकराला घेऊन माहेरी गेली, रडत, शपथा घेत.

भोंग्या समोर बसला होता. मी त्याच्याकडे बघत होते आणि मनात म्हणत होते, बोल रे, आता तरी बोल. तो उठला आणि पाणी आणायला आत गेला. पाणी टेबलावर होतंच.

परत आला तेव्हा ती म्हणाली, "उद्या सकाळी समितीपुढे बोलवलंय मला." ही समिती नवी आहे, आयोगाच्या अहवालाची अंमलबजावणी कशी करावी हे ठरवणारी. सुनावणी त्याच हॉलमध्ये. इस्पितळातली एक नर्स आता बोलायला तयार झाली आहे, भावाला नेताना ती वॉर्डात होती. "तिचं नाव मागच्यासारखंच शेवटी सांगेन, माईक उतरल्यावर. तू असशील ना मशीनवर? मग मला घोर नाही."

तो मान हलवून हो म्हणाला.

त्याला बोलावलेलंच नाही. या वेळी खात्याने स्वतःची यंत्रं आणि स्वतःची माणसं लावली आहेत, हे त्यानेच मला परवा सांगितलं होतं. मान हलवली तेव्हा त्याचा चेहरा असा होता की मला त्याला ओरडावंसंही वाटलं नाही. ती गेल्यावर मी विचारलं, असं का केलंस? म्हणाला, "तोंड उघडलं की सगळंच सांगावं लागेल, आई. आणि मग तिने माझ्याकडे कसं बघायचं?" नंतर तो अंथरुणावर जाऊन पडला, बुटांसकट.

ह्यांचं म्हणणं, गप्प बसायचं. "ती बाई सगळीकडे सांगत सुटेल. याने नावं पुरवली असंच होईल. चौकातलीच पोरं याचं दुकान फोडतील आणि पोलीस उभे राहून बघतील. समजलं? तू मध्ये पडू नकोस." ह्यांची भीती खोटी नाही. भोंग्याने मुद्दाम केलं नाही, हे ऐकून घ्यायला कुणाला वेळ आहे? त्यालाही पाच मिनिटं मिळतील, फार तर. शिवाय मी सांगितल्याने ड्रायव्हर परत येणार नाही. त्या भावाचा पत्ता लागणार नाही. ज्या कपाटात ते आवाज आहेत त्याची किल्ली कुणाकडे आहे हेसुद्धा मला कळणार नाही. माझ्या हातात काही नाही, हे मी रात्रभर हरतऱ्हेने स्वतःला पटवून पाहिलं. बहुतेक बाबतीत ते पटतंही.

फक्त त्या नर्सचं पटत नाही. तिला मी पाहिलेलं नाही. तिचं नाव अजून कुणीच घेतलेलं नाही. आणि ती भावजय, लेकराला मांडीवर घेऊन आईच्या घरी बसली असेल, न केलेल्या गोष्टीसाठी.

ब्लँकेटं कधी आणून देऊ हे विचारायला त्या बाईने मला फोन केला होता, त्यामुळे तिचा नंबर माझ्याकडे आहे. सकाळपर्यंत थांबले तर हे उठतील, भोंग्या उठेल, आणि दोघांपैकी एकाचं तोंड बघून माझा धीर सुटेल. म्हणून आत्ताच करते. तिची झोपमोड होईल. आधी नर्सबद्दल सांगेन, मग भावजयीबद्दल. माझ्या मुलाबद्दल ती विचारेलच, तेव्हा तेही सांगेन, आणि ती काय म्हणेल ते ऐकून घेईन. मागच्या बाल्कनीचं दार ओढून घेतलं आहे. नंबर लावते.