पाचव्या सायकलीची जागा

किस्से म्हणजे अवजारांच्या डब्यातले नट-बोल्ट. मुद्दाम कोणी साठवत नाही, पण वर्षांनी डबा हलवला की नुसता खुळखुळाट! त्यातही हवा तो सापडत नाही आणि नको तो नेमका बोटाला टोचतो.

परवा भाचा आला होता. नवीन गाडी घेतलीय, सायकलींचं वेड आहेच. म्हणाला, "मामा, गाडीवर सायकली न्यायला रॅक घ्यायचाय. टपावरचा घेऊ की मागचा? तुम्ही जुने रेसवाले, तुम्हीच सांगा."

मी काही बोलायच्या आत आतून बायको ओरडली, "अरे, त्यांना रॅकचं नको विचारूस! आज जेवायचे नाहीत ते."

खरं आहे तिचं. पण डबा हलला तो हललाच.

*

साठ सालानंतरची गोष्ट. आम्ही पाच जण. मी घाटकोपरचा, कचेरीत कारकून. गण्या राणे मुलुंडचा, कारखान्यात टर्नर, बोलणं अस्सल मालवणी. दिघे बोरीवलीच्या शाळेत पीटीचा मास्तर. मधू चेंबूरचा, आमच्यातला सगळ्यात वेगवान. आणि पास्कल. तोही चेंबूरचाच, पण जुन्या गावठाणातला. रिफायनरीत फिटर. घरासमोर क्रूस, मागे चार नारळ आणि एक शेड.

पास्कलकडे हिरवी विलायती रेसिंग सायकल होती. बोटीवर नोकरीला असलेल्या काकाने आणून दिलेली. आमच्या सायकली म्हणजे दूधवाल्याच्या सायकलीला वाकडं हँडल लावलेलं. त्याची उभी असली तरी पळतेय असं वाटायचं! घाटात तर तो मधूलाही मागे टाकायचा.

शर्यती असायच्या लोणावळ्याला, नाशिकला. सायकली रेल्वेच्या लगेजमधून न्यायच्या. एकदा दिघेची सायकल उतरवली, तर तिच्यावर कोणीतरी लोखंडी कपाट ठेवलेलं. पुढचं चाक आठच्या आकड्यासारखं! दिघे स्टेशनमास्तरकडे गेला. तो शांतपणे म्हणाला, "कपाटाला काही झालं नाही ना?"

*

मग पास्कलचा थोरला भाऊ कुवेतला गेला आणि जुनी मोटार पास्कलकडे आली. आमची चंगळ झाली! पहिल्या वेळी रॅक वगैरे काही नव्हता. टपावर गादी टाकली, गादीवर सायकली, वरून सुंभाची दोरी. गादी दिघेची, त्याच्या लग्नात सासऱ्यांनी दिलेली.

ठाण्याच्या पुढे एका पेडलने गादी फाडली. आम्हाला पत्ताच नाही! मागचे ट्रकवाले हॉर्न वाजवतायत, आम्ही हात करून त्यांना अभिवादन करतोय. कसाऱ्याला उतरून बघतो तर गादीचा नुसता अभ्रा उरलेला आणि कापूस सगळा आग्रा रोडवर.

दिघे ती खोळ घडी करून घरी घेऊन गेला. वहिनी एवढंच म्हणाल्या, "आता तुम्ही सायकलीवरच झोपा."

*

म्हणून रॅक करायचं ठरलं. बाजारात तयार मिळण्याचे ते दिवस नव्हते, करूनच घ्यायचा. पास्कलच्या ओट्यावर मीटिंग बसली. दिघेने खडूने फरशीवर मोटार काढली. टपावरचा की मागचा, यावर दोन तास भांडण!

"टपार चढवतलो कोण? तुजो बापूस?" इति गण्या.

"मागे लावला तर डिकी कशी उघडणार? नंबरप्लेट कुठे जाणार?" इति दिघे. शेवटी बिजागरी लावून, डिकी उघडताना बाजूला वळणारा मागचा रॅक पास झाला.

तेव्हा पास्कल सगळ्यांसाठी लिंबाचं सरबत घेऊन आला. ट्रे खाली ठेवत म्हणाला, "पाचाचा करूया ना?"

आणि मी, अतिशहाणा, पटकन बोलून गेलो, "पाचवी कशाला रे? गाडी काय सायकलवर बसून चालवणार?"

सगळे खो खो हसले. पास्कल सगळ्यात जास्त हसला.

मोटार चालवता फक्त त्याला यायची. आमच्यापैकी कोणी शिकेल, आळीपाळीने चालवेल, हे तेव्हा एकाच्याही डोक्यात आलं नाही. माझं ते वाक्य मला आजही परत घ्यावंसं वाटतं. पण बोललेलं परत घ्यायची सोय नाही.

रॅक चाराचा झाला.

*

केला कुर्ल्याच्या एका जाळीवाल्याने. त्याचं सगळं आयुष्य खिडक्यांच्या जाळ्या करण्यात गेलेलं. मापं घेतली, मान डोलावली, आठवड्याने या म्हणाला. गेलो तर रॅक झकास! दणकट, सफाईदार. फक्त मधोमध एक लोखंडी मोर. पिसारा फुलवलेला!

"चाचा, ये मोर कायको?"

चाचा दुखावला. "तीस साल में मेरी दुकान से बगैर मोर का माल नहीं गया."

पुढे सगळ्या शर्यतींत आमची ओळख "मोरवाले" अशीच झाली. मधू जिंकला तरी लाउडस्पीकरवरून पुकारा व्हायचा, "मोरवाल्यांचा एक नंबर!"

*

दिघे मास्तरने सगळं मोजलं होतं, सायलेन्सर सोडून. इगतपुरीला पोहोचलो आणि गण्याने बोंब ठोकली, "रे मेल्यांनो, माझो टायर खंय गेलो?"

मागचा टायर सायलेन्सरच्या धुराने वितळून रिमवर चिकटलेला, रिमही वाकडी. शर्यत सुरू व्हायला अर्धा तास. गण्या रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसला. त्या शर्यतीसाठी त्याने कारखान्यात खोटा ताप सांगून सुट्टी काढली होती.

पास्कलने डिकी उघडली आणि चाक बाहेर काढलं. टायर-ट्यूबसकट अख्खं चाक!

"अरे, हे कुठून आणलंस?"

"घरी पडलेलं. लाव तू."

गण्या तिसरा आला. दुसऱ्या दिवशी कारखान्यात गेला, तर साहेबाच्या टेबलावर वर्तमानपत्र. बक्षीस घेताना गण्याचा फोटो! साहेब म्हणाला, "राणे, तुझा ताप तिसरा आला म्हणे."

*

मग ती सवयच झाली. माझी चेन तुटली, डिकीतून चेन निघाली. दिघेचं हँडल चिरलं, डिकीतून हँडल. आम्ही म्हणायचो, "पास्कलच्या डिकीत देव आहे." कुठून आणतोस विचारलं की एकच उत्तर, "घरी पडलेलं."

विचारणारेही आम्ही असे, की उत्तर ऐकायच्या आत पाना हातात घेतलेला!

*

एकदा परत येताना मुलुंडच्या जकात नाक्यावर एका कारकुनाने अडवलं. त्याला वाटलं आम्ही सायकली मुंबईत विकायला आणतोय. "तुमच्याच आहेत कशावरून? चालवून दाखवा!"

रॅकवरून चारही सायकली खाली काढल्या. दिवसभर शर्यत करून आलेले आम्ही चौघं नाक्याभोवती गोल गोल फिरतोय, ट्रकवाले टाळ्या वाजवतायत!

कारकुनाचं समाधान झालं. मग त्याने पास्कलकडे बोट केलं. "आणि हा? याला येत नाही काय?"

"तो ड्रायव्हर," मधू म्हणाला.

कारकुनाने पावतीपुस्तक मिटलं. "सायकली चार, माणसं पाच. एक माणूस जादा दिसतो. बरं, माणसावर जकात नाही, जाऊ द्या!"

आम्ही घाटकोपरपर्यंत हसत होतो. पास्कल समोर रस्त्याकडे बघून गाडी चालवत होता. मला ते दिसलं होतं. दिसलं होतं आणि मी तरीही हसत होतो, हे लिहायला आज लाज वाटते.

*

मधूचा किस्सा मात्र गोड. मोठी शर्यत होती, तिच्यातून राज्याच्या संघाची निवड व्हायची होती. सकाळी गावठाणातून निघताना पास्कल गाडी मागे घेत होता. आम्ही चौघं चार बाजूंनी "येऊ दे, येऊ दे" करत होतो. गाडी आली ती थेट भिंतीवर. रॅकच्या टोकाला मधूचीच सायकल, तिची सीट चेपली. मोराला ओरखडासुद्धा नाही!

मधू रडायचा बाकी होता. पास्कल शेडमध्ये गेला आणि पाच मिनिटांत सीट घेऊन आला. तपकिरी चामड्याची, वापरून मऊ झालेली, तेल लावलेली.

मधू पहिला आला. हार गळ्यात घालून आला तो सीट थोपटत, "काय सीट आहे यार! लोण्यासारखी! कोणाची रे?"

"हाय कोणाची तरी," पास्कल म्हणाला आणि गाडी सुरू केली.

*

अशी आठ-नऊ वर्षं गेली. दर वर्षी लोणावळ्याची शर्यत जवळ आली की आम्ही म्हणायचो, "पास्कल, पुढच्या वर्षी तू उतरायचंस हां, घाटात तुला तोड नाही." तो म्हणायचा, "उतरतो ना." आणि शनिवारी गाडीत पेट्रोल भरून यायचा.

जकात नाक्यावरचं त्याचं तोंड मात्र माझ्या डोळ्यांसमोरून हलत नव्हतं. शेवटी अंधेरीच्या एका मोटार ट्रेनिंग स्कूलमध्ये मी नाव घातलं. कोणाला सांगितलं नाही. पहिल्या टेस्टला नापास झालो, दुसऱ्यांदा लायसन्स मिळालं. तडक चेंबूर गाठलं.

पास्कल ओट्यावर बसून मासे धरायचं जाळं विणत होता. मी लायसन्स त्याच्या हातात ठेवलं. "या रविवारी लोणावळ्याला गाडी मी चालवणार. रॅकवर माझ्या जागी तुझी हिरवी."

त्याने लायसन्स उलटसुलट करून बघितलं. फोटो बघून हसला. "चोरासारका दिसतोस."

"विषय बदलू नकोस. सायकल काढ, आत्ता तपासून ठेवू."

तो उठला. मला मागच्या शेडमध्ये घेऊन गेला. भिंतीवर दोन खिळ्यांना काहीतरी टांगलेलं होतं, वर स्वच्छ धुतलेलं जुनं पोतं. त्याने पोतं बाजूला केलं.

हिरवी फ्रेम. चकचकीत पुसलेली, कुठे गंजाचा ठिपका नाही. नुसती फ्रेम. चाकं नाहीत, सीट नाही, चेन नाही, हँडल नाही.

मी फ्रेमवरून हात फिरवला. "पास्कल," मी म्हटलं, "अरे, तुझी सायकल..."

पोत्याच्या टोकाने त्याने फ्रेमवरची नसलेली धूळ पुसली.

"माजी सायकल? ती दर रविवारी रेसला जाते ना तुमच्याबरोबर!"