मोजणीतून राहिलेला फॉरेनर

‘परदेशी’ हा शब्द आमच्याकडे कागदावरच असतो. बोलताना गोऱ्या माणसाला फॉरेनर म्हणतात; रेवदंड्यातली जुनी माणसं अजून कधी कधी फिरंगी म्हणतात. शेजारच्या वाडीचा राखणदार आणि त्याची बायको नेपाळचे. हिशेबाने पाहिलं तर तेही परदेशीच. पण त्यांना कुणी फॉरेनर म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

घराच्या दोन खोल्या मी पर्यटकांना देतो. गेल्या थंडीत पक्षी बघायला आलेला एक फॉरेनर तिथे राहिला. पन्नाशीचा, शांत माणूस. पासपोर्टवरून त्याचं नाव मी स्वतः उतरवून घेतलं होतं, पण घरात ते कुणाच्याच तोंडी आलं नाही. बायको म्हणायची, ‘‘फॉरेनर उठलाय, चहा टाकते.’’

ओहोटीला खाडीत चिखलाचा मोठा पट्टा उघडा पडतो. कोळणी तिथे चिखलातल्या तिसऱ्या, म्हणजे खायच्या शिंपल्या, काढायला उतरतात. सगळ्यांत वडील असलेली बाई उतरताना डोकी मोजते आणि पाणी फिरलं की बांधावर उभी राहून पुन्हा मोजते. एक जरी कमी भरली, तरी ती येईपर्यंत हाका मारते. तोवर कुणी घरी जात नाही. कारण भरती समोरून दिसत नाही. ती आधी मागच्या चरात शिरते, आणि माणूस पुढच्या उंचवट्यावर अडकतो.

तो असतानाच एका दुपारी मी तिसऱ्या घ्यायला बांधावर गेलो, तेव्हा म्हातारीची मोजणी चालू होती. राखणदाराची बायकोही त्यांच्यात होती; शेवटी तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हातारी म्हणाली, ‘‘नव. भरल्या सगल्या. चला.’’

मला मोजायची खोड आहे. जेवणानंतर गच्चीवरून मी यांना उतरताना पाहिलं होतं. तेव्हा दहा डोकी होती.

‘‘आजी, आमचा फॉरेनर कुठाय?’’

‘‘तो गेला लांब, पक्षी बघाला. त्याला मी कुठं मोजू? तो काय आपल्यातला हाय?’’

‘‘त्याला भरती मोबाइलान दिसते,’’ दुसरी म्हणाली. ‘‘आपल्याला म्हातारीचा तोंड बगाया लागतो.’’

सगळ्या हसल्या.

‘‘त्याचा मोबाइल आमच्या स्वयंपाकघरात चार्जिंगला लावलाय,’’ मी म्हणालो.

हसणं थांबलं. म्हातारीने उन्हाला कपाळावर हात आडवा धरून पाहिलं. दूर उंचवट्यावर तो आमच्याकडे पाठ करून, डोळ्यांना दुर्बीण लावून उभा होता. त्याच्यामागचा चर पाण्याने चमकत होता.

मी ओरडायला तोंड उघडलं आणि नाव आठवेना. पासपोर्टवरचा त्याचा फोटो आठवत होता, नाव नाही. ‘‘फॉरेनर! ओ फॉरेनर!’’ असं मी ओरडलो. वारा आमच्याच तोंडावर येत होता. मग म्हातारीने, हरवलेल्या बाईला घालतात तशी लांबलचक हाक घातली. बाकीच्यांनीही सूर लावला. तो वळला. आम्हाला बघून त्याने हात हलवला, जणू आम्ही त्याला रामराम करत होतो.

मग त्याला चर दिसला.

एका कोळ्याने होडी सोडली. होडी पोचेपर्यंत तो छातीइतक्या पाण्यात होता, दुर्बीण डोक्यावर धरून. मधे एकदा तो दिसेनासा झाला. मग डोकं वर आलं. होडीवाल्याने त्याला काखेत धरून आत ओढलं.

बांधावर आणल्यावर म्हातारीने त्याच्या ओल्या छातीवर बोट टेकवलं. ‘‘धा,’’ ती म्हणाली, आणि तेव्हाच तिसऱ्यांची पाटी उचलली.

माझी मुलगी परदेशात शिकते, एका बाईच्या घरी भाड्याने राहते. रविवारी तिचा फोन आला. मी विचारलं, ‘‘तू बाहेर गेलीस की कधी परतणार, हे तुझ्या घरमालकिणीला ठाऊक असतं का गं?’’

‘‘बाबा, इथे असं कुणी विचारत नाही,’’ ती हसून म्हणाली.

खाडीतलं मी तिला काही सांगितलं नाही. तिचा आवाज मजेत होता.

‘‘तिला तुझं नाव नीट घेता येतं का,’’ मी म्हणालो, ‘‘तेवढं बघ.’’